आधी खोलीचं भाडं विचारा

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत रात्री-अपरात्री कुणाला अॅडमिट करायची वेळ आली, की गाडी भुसावळ नाहीतर जळगावकडे निघते. घाईत विम्याचं कार्ड सापडतं. अटी मात्र कुणी वाचलेल्या नसतात.

समजा, विमा 3 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये. तुम्ही 6,000ची खोली घेतली. वाटतं, वरचे 3,000 आपण भरू. पण अशा अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचाही निम्माच खर्च मंजूर होतो, कारण हे दर खोलीनुसार चढतात. औषधं, तपासण्या, स्टेंट यांना ही कात्री लागत नाही. म्हणून सही करण्याआधी काउंटरवर भाडं विचाराच.

क्लेमसाठी सहसा 24 तास दाखल राहावं लागतं. मोतीबिंदू, डायलिसिस यांना सूट असते. विमा नियामकाच्या 2024च्या नियमाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय 1 तासात आणि डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची असते.

खासगी विमा नसला, तरी वाट असते. कंत्राटी कामगाराच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर त्याच्या कुटुंबालाही त्याचा लाभ मिळतो. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. 2012मध्ये ती वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळेही होतं. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या.