टिटवी कुत्र्यावर का झेपावते? मे महिन्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी हे वाचाच

उन्हाळ्यात कुत्रा पाळणाऱ्यांचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. ऊन चढल्यावर डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात, म्हणून पुण्यात आमची फेरी पहाटे पावणेसहाला निघते. पक्ष्यांच्या गडबडीची वेळही हीच. गेल्या मे महिन्यापर्यंत मला त्यातला कावळा आणि कोकीळ एवढंच कळायचं.

सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर मी चिकूची साखळी रोज सोडायचो. एका सकाळी दोन टिटव्या आरडाओरडा करत त्याच्या डोक्यावरून झेपावल्या. मला गंमत वाटली, व्हिडिओही काढला. घरी येऊन झूम केला, तेव्हा चिकूच्या मागच्या पायापासून हातभर अंतरावर खडीत चार अंडी दिसली.

घरटं दिसत का नाही?

कारण ते झाडावर नसतंच. टिटवी जमिनीवर उथळ खळगा करते, भोवती खडे असतात आणि त्यात मातकट रंगाची, काळपट डागांची तीन-चार अंडी. शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. मार्च ते ऑगस्ट हा तिचा विणीचा मुख्य हंगाम. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात आणि नर-मादी दोघंही आळीपाळीने बसतात.

मे महिन्यात ‘उबवणं’ हा शब्द मात्र अर्धाच खरा. दुपारी अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. टिटवी जवळच्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. चालता-फिरता डेझर्ट कूलरच! म्हणजे कुत्र्याने अंड्यांना तोंड लावलं नाही, तरी त्याच्यामागे ओरडत फिरण्यात टिटवीचा जितका वेळ जातो, तितका वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. ‘आमचा काही करत नाही हो’ हे आपलं ठरलेलं वाक्य इथे उपयोगाचं नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं, घरटं विस्कटणं हे ‘शिकार’ या व्याख्येतच येतं. त्यामुळे सेल्फीसाठी अंडी हातात घेऊ नका.

बाकीचे आवाज कुणाचे?

‘कुहू’ करणारी कोकिळा नव्हे, तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, म्हणून कावळे तिच्यामागे लागलेले दिसतात. लोहाराच्या हातोडीसारखं ‘टुक-टुक-टुक’ एका लयीत चालू असेल तर तांबट. आवाज चढत चढत जाऊन एकदम थांबला तर पावशा. शेतकऱ्यांना त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं, मला अलार्मचा स्नूझ.

ओळखायला मी ‘मर्लिन’ हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मोफत ॲप वापरतो. ते आवाजाचं चित्र बनवतं, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. आडवा अक्ष वेळेचा, उभा फ्रिक्वेन्सीचा. मग ते चित्र ओळखीच्या नमुन्यांशी जुळवलं जातं. इंजिनीअरिंगला सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला इतका रस आला असता तर! ॲप चुकतंही, त्यामुळे पक्षी डोळ्यांनी पाहूनच नोंद करा. आणि रेकॉर्डिंग करताना कुत्र्याला बसवा, नाहीतर त्यात फक्त धापा येतात.

त्या सकाळनंतर प्लॉटवर चिकूची साखळी सुटली नाही. आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायला लागलो. टिटवी मान वर करून बघायची, पण खळग्यावरून उठायची नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खळगा रिकामा दिसला. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालू लागतात आणि धोका दिसला की जमिनीला चिकटून पडून राहतात, त्यामुळे ती निघाली की अंडी मुंगसाने नेली, हे कळेना. पण दोन्ही टिटव्या प्लॉट सोडून गेल्या नव्हत्या. चिकू लांबून दिसला तरी पूर्वीपेक्षा जोरात ओरडत होत्या. आम्ही आणखी थोडं लांबून जायला लागलो.