पंख्यांच्या गावातला सरडा

साताऱ्यात कॉलेजला असाल तर तुमच्या फोनमध्ये चाळकेवाडीचा एखादा फोटो असणारच. ठोसेघरचा धबधबा बघायचा, तिथून गाडी वर काढायची, धुक्यात गरगरणाऱ्या पात्यांसमोर रील करायचं आणि येताना कुठेतरी चहा-भजी. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्यापर्यंत पसरलेलं हे पठार हजार मीटरहून उंच आहे. वारा भरपूर, म्हणून पवनचक्क्याही भरपूर. रीलमध्ये एक गोष्ट मात्र येत नाही. वर आकाशात शिकारी पक्षी किती आहेत?

बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासोबत हेच मोजलं. पद्धत सरळ होती. याच पठारावर काही भागात पवनचक्क्या आहेत, काही भागात नाहीत. दोन्हीकडची तुलना करायची. २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. पवनचक्क्या असलेल्या भागात कापशी घार, तिसा असे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते.

पुढची गोष्ट सरड्याची आहे, आणि मला तीच जास्त इंटरेस्टिंग वाटते. या पठारावर गळ्याखाली पंखा असलेला एक सरडा राहतो. नर तो पंखा उघडतो तेव्हा निळा, काळा, केशरी रंग झळकतो. याचं शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. हो, आपलाच ‘सरडा’! २०१६ मध्ये या गटाला शास्त्रज्ञांनी मराठीतूनच नाव दिलं. तर, पक्षी कमी झाले म्हणून पवनचक्क्यांखाली हे सरडे वाढले. वरून झडप पडायची भीती गेली, रक्तातले ताणाचे हार्मोन कमी झाले, माणूस बराच जवळ गेला तरी ते पळेनात. ऐकायला मजेत चाललंय असं वाटतं. पण खाणारी तोंडं वाढली की वाट्याला येणारे किडे कमी होतात. सरडे अंगाने खालावलेले निघाले आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडलेले. पवनचक्की सरड्याला हातही लावत नाही, तरी त्याचा रंग उतरतो. संशोधकांच्या मते इथे पवनचक्क्याच साखळीतल्या सगळ्यात वरच्या शिकाऱ्यासारखं काम करतात.

पवनचक्क्यांवर राग आपल्याकडे आधीही होता, पण तो वेगळ्याच कारणाने. २००३-०४ च्या दुष्काळात सातारा-सांगलीच्या अनेक गावांत एकच बोलणं होतं: हे पंखे ढग पळवतात. त्यात तथ्य नाही. पाती फिरतात ती जमिनीलगतच्या हवेच्या थरात, आणि मान्सूनचे ढग त्याच्या वर कित्येक किलोमीटर चढलेले असतात. कवठेमहांकाळ, जत, माण, खटाव हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पहिला पंखा लागायच्या कितीतरी आधीपासून तिथे पाऊस कमीच. पण गावकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. विहीर कोरडी, पीक गेलेलं, आणि समोरच्या डोंगरावर दुसऱ्याच कुणाची तरी कमाई रात्रंदिवस फिरतेय. राग येणारच. मात्र ढगांच्या वादात घार आणि सरडा कुणाला दिसलेच नाहीत.

सडाही दिसला नाही. जांभ्या खडकाच्या सपाट माथ्याला आपल्याकडे सडा म्हणतात. वरवर ओसाड वाटतो, पण पावसाळ्यात बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं फुलतात आणि डबक्यांत वायतुरा उगवतो. कास याच प्रकारचं पठार. ते २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. चाळकेवाडी तिथून फार लांब नाही. पवनचक्कीचा खांब थोडीच जागा खातो, खरं नुकसान रस्त्याने होतं. लांबलचक पाती आणि क्रेन वर न्यायला रुंद रस्ता लागतो, त्यासाठी डोंगर कापावा लागतो आणि निघालेला राडारोडा उतारावर ढकलला जातो. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनचक्क्यांबद्दल हेच नोंदवलं होतं. सांगली जिल्ह्यात चांदोलीच्या जंगलाजवळ, शिराळा तालुक्यातल्या गुढे-पाचगणीच्या पठारावरही पवनचक्क्या आहेत.

मग परवानगी देताना हे कुणी बघत नाही का? वनजमीन किंवा अभयारण्य असेल तर वेगळी परवानगी लागते. पण २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती ‘पांढऱ्या’ श्रेणीत, म्हणजे जवळजवळ प्रदूषणच नाही अशा उद्योगांत टाकली. धूर आणि सांडपाणी बघायचं तर बरोबरच आहे. घारीसाठी रकानाच नाही.

मला पवनचक्क्या नकोत असं अजिबात नाही. फोन चार्ज करायला कोळसा जाळण्यापेक्षा वारा केव्हाही बरा. पण हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं धोरण आणलंय. दोन मेगावॉटपेक्षा लहान यंत्रं त्यात बसतात, आणि चाळकेवाडीवरची जुनी यंत्रं तर त्याहून बरीच लहान आहेत. ती बदलली तर खांब कमी होतील, हे चांगलंच. पण पाती मोठी येतील, क्रेन मोठी येईल आणि रस्ता पुन्हा रुंद होईल. कुठला खांब काढून ती जागा पुन्हा सड्याला द्यायची, कुठल्या डबक्यावरून रस्ता न्यायचा नाही, हे क्रेन यायच्या आधी ठरवावं लागेल. त्यासाठी आधीची मोजणी हातात हवी. सातारा, कराड, सांगलीच्या कॉलेजांतल्या झूलॉजी-बॉटनीच्या पोरांना यापेक्षा चांगला प्रोजेक्ट कुठे मिळणार?

सरड्याचे नर गळा फुलवतात ते उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. तेव्हा धुकं नसतं, रील काही खास होत नाही. दुर्बीण आणि वही मात्र न्या, आणि दिसलेले पक्षी ‘ई-बर्ड’वर टाका. ते ॲप फुकट आहे.