‘स्टँड अप’ आणि ‘स्टँड अप टू’

इंग्रजीची ओळख होताना मुलांच्या कानी पडणाऱ्या पहिल्या आज्ञांपैकी ‘स्टँड अप’ ही एक होय. ती ऐकताच मूल उठून उभे राहते. परंतु या शब्दांपुढे ‘टू’ आले की अर्थ पालटतो. बलवानापुढे मान न तुकवता उभे ठाकणे, त्यास धैर्याने तोंड देणे, असा आशय त्यातून निघतो. त्यात हल्ला करण्याचा भाव नाही. मागे न हटण्याचा आहे.

मराठीतही असे घडते. ‘तोंड देणे’, ‘तोंड लपवणे’, ‘तोंड टाकणे’ यांतील ‘तोंड’ एकच. अर्थ मात्र निरनिराळे. अर्थ संबंध वाक्प्रचाराचा घ्यावा लागतो, सुट्या शब्दांचा नव्हे.

‘स्टँड अप फॉर’ आणि ‘स्टँड अप टू’ यांतील भेद विशेष जपला पाहिजे. सोलापूरच्याच इतिहासावरून तो स्पष्ट होईल. सविनय कायदेभंगाच्या काळात, मे १९३० मध्ये, सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. त्यांच्याविषयी ‘दे स्टूड अप फॉर फ्रीडम’ म्हटले, तर ते स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले, असा अर्थ होतो. ‘दे स्टूड अप टू ब्रिटिश रूल’ म्हणजे ते ब्रिटिश सत्तेपुढे नमले नाहीत. ‘फॉर’पुढे ज्याची बाजू घ्यावयाची ते येते, ‘टू’पुढे ज्याचा प्रतिकार करावयाचा ते. दुसऱ्या वाक्यात ‘टू’ऐवजी चुकून ‘फॉर’ पडले, तर हुतात्मे परकीय सत्तेचेच कैवारी ठरतील!

निर्जीव वस्तूंबाबत ‘टिकाव धरणे’ हा अर्थ योजावा. ‘धिस चादर स्टँड्स अप टू वॉशिंग’ म्हणजे ही चादर वारंवार धुऊनही टिकते.

वर्गात हा वाक्प्रचार केवळ पाठ करून घेऊ नये. फळ्यावर वाक्ये लिहून ‘फॉर’ व ‘टू’ यांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. शब्द भरण्यापूर्वी, ‘येथे कोणाची बाजू घेतली आहे की कोणाशी सामना आहे?’ असे मराठीतून विचारावे. उत्तर मनात स्पष्ट झाले की योग्य शब्द मुलांना आपोआप सुचेल.