नावे स्तंभावर, मेडल लंडनच्या लिलावात!

दरवर्षी 1 जानेवारीला भीमा नदीच्या काठी निळा जनसागर लोटतो. शिरूर तालुक्यातले कोरेगाव भीमा नदीच्या एका अंगाला आणि हवेली तालुक्यातल्या पेरणे गावच्या हद्दीतला जयस्तंभ दुसऱ्या अंगाला. आपण स्तंभाला मानवंदना देतो, त्यावर कोरलेली नावे लेकरांना वाचून दाखवतो आणि परततो. शामनाक येशनाक, भागनाक हरनाक... प्रत्येक नावात मुलाचेही नाव आहे आणि बापाचेही. कंपनीच्या 49 मृत सैनिकांची नावे तिथे आहेत. त्यातली 22 नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार सैनिकांची, असे अभ्यासक सांगतात.

ही झाली रणात पडलेल्यांची नावे. पण जे लढले आणि जगले, त्यांच्या नावांचे काय? हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला गेलेला नाही. त्याचे उत्तर मात्र आहे. त्यांतल्या काहींची नावे चांदीवर कोरली गेली आणि ती चांदी आज लंडनच्या लिलावघरांत विकली जाते.

इतिहास थोडक्यात पुन्हा पाहू. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, छावणीतून निघाली. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे 500 शिपाई, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे मूठभर गोरे गोलंदाज आणि दोन तोफा असा तो जथा होता. रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोहोचताच त्यांची गाठ दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी पडली. दिवसभर अन्नपाण्यावाचून हे लोक लढले. 834 पैकी 275 जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. उरलेले पुन्हा शिरूरला परतले. 26 मार्च 1821 रोजी जयस्तंभाची पायाभरणी झाली. मेलेल्यांना दगड मिळाला. जगलेल्यांना मात्र पुढची 30 वर्षे मेडल मिळाले नाही.

1851 साली 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' मंजूर झाले. 1803 ते 1826 या काळातल्या लढायांसाठी हे चांदीचे मेडल होते. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, वर फिकट निळी फीत. ज्या लढाईत शिपाई लढला तिचे नाव फितीवरच्या चांदीच्या आडव्या पट्टीवर असे. अशा 21 पट्ट्या होत्या आणि त्यांतली एक कोरेगावची. 'कोरिगॉम' असे तिचे इंग्रजी स्पेलिंग. मेडलच्या कडेवर शिपायाचे नाव आणि त्याची पलटण कोरलेली. पण हे मेडल हयात असणाऱ्यांनाच मिळणार होते. 1818 मध्ये 20 वर्षांचा असलेला शिपाई 1851 साली 53 वर्षांचा झालेला. तोवर किती जण दुष्काळात गेले, किती पटकीच्या साथीत गेले, किती जणांच्या गावापर्यंत मेडलची बातमीच पोहोचली नाही, याचा हिशेब कोण देणार? म्हणून कोरेगावची पट्टी असलेली मेडल मुळातच मोजकी आहेत.

आता या मोजक्या मेडलांचे पुढे काय होते ते पाहा. इंग्लंडमध्ये जुन्या लष्करी वस्तूंचा मोठा बाजार आहे. बंदुका, तलवारी, टोप, बटणे, मेडल या सगळ्यांचे शौकीन आहेत, व्यापारी आहेत, छापील कॅटलॉग आहेत. प्रत्येक वस्तूला लॉट नंबर पडतो आणि हातोडा खाली आला की सौदा संपतो. कोरेगावची पट्टी दुर्मिळ म्हणून तिची बोली हजारो पौंडांत जाते. शौकीन माणूस आधी कड वाचतो. नाव कोणाचे, पलटण कोणती, हुद्दा काय? त्याच लढाईचे, त्याच चांदीचे, त्याच वजनाचे मेडल गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचे असेल तर किंमत चढी आणि 'नेटिव्ह' शिपायाच्या नावाचे असेल तर सहसा कमी. रणांगणात दोघांचे रक्त एकाच मातीत मिसळले, पण बाजारात नावाचा भाव वेगळा! ज्या समाजाने नावावरून माणसाची किंमत ठरवण्याचा जाच हजारो वर्षे सोसला, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ही मेडल तिथे पोहोचली कशी? त्यातली काही सत्ता असताना गोऱ्या साहेबांच्या संग्रहात गेली. बाकीच्यांची वाट आपल्या घरातून जाते. चांदी ही गरिबाच्या घरातली शेवटची ठेव. दुष्काळ पडला, लेकीचे लग्न निघाले, कोर्टाची तारीख आली की आज्याचा बिल्ला सराफाच्या तराजूत पडायचा. सराफ नाव वाचत नाही, तो वजन पाहतो. काही बिल्ले आटले, काही व्यापाऱ्याच्या हाती लागले. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जुनी नाणी आणि बिल्ले यांचा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. विकणाऱ्याचा यात दोष नाही. पोट भरायचे की इतिहास जपायचा, अशी निवड ज्याच्यावर लादली गेली त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. दोष आहे तो ही नावे कधी नोंदवूनच न घेणाऱ्या व्यवस्थेचा.

काही मंडळी दरवर्षी विचारतात, इंग्रजांच्या मेडलांचे तुम्हाला एवढे कौतुक का? तुम्ही तर परक्यांसाठी लढलात! त्यांना उत्तर इतिहासच देतो. 1851 मध्ये ज्यांच्या छातीवर शौर्याची खूण म्हणून चांदी लावली, त्यांच्याच नातवंडांना 1890 च्या दशकात त्याच इंग्रज सरकारने 'लढाऊ जातीचे नाहीत' असे सांगून सैन्यभरतीचे दार बंद केले. अवघ्या 40 वर्षांत शौर्य आटले काय? आटले नव्हते. सवर्णांच्या शिवाशिवीपुढे आणि 'लढाऊ वंशा'च्या थोतांडापुढे सरकारने मान तुकवली होती. त्याविरुद्ध निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये भारतमंत्र्याकडे लष्कर आणि पोलीस भरतीची मागणी केली. 1917 मध्ये महायुद्धाची गरज पडली तेव्हा '111 महार्स' ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच 1921 मध्ये मोडली गेली. पुढे बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचाच स्तंभ होता.

बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र. 1 जानेवारी 1927 रोजी ते जयस्तंभावर आले, ते इंग्रजांचे गुणगान करायला नव्हे. त्याच बाबासाहेबांनी 1930 मध्ये गोलमेज परिषदेत इंग्रज सरकारला तोंडावर सुनावले की, तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती बदललेली नाही. म्हणजे हे मेडल निष्ठेची पावती नाही. 'हे लोक नालायक आहेत' असे म्हणणाऱ्या मनुवाद्यांविरुद्ध आणि 'हे लढाऊ नाहीत' असे म्हणणाऱ्या साहेबांविरुद्धही, तो आपल्या बाजूचा पुरावा आहे. पुरावा दुसऱ्याच्या कपाटात असला की खटला कमजोर होतो.

शिरूरच्या मातीत याचे आणखी एक बोलके उदाहरण आहे. तिथल्या जुन्या छावणीत 1809 साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. हा गोरा अधिकारी लोकांच्या मनात 'सतपुरुष' ठरला, त्याच्या कबरीवर नैवेद्य वाहिला गेला, गॅझेटियरमध्ये त्याची नोंद झाली. पण त्याच छावणीतून निघून कोरेगावला लढलेला आणि जखमा बांधून परत आलेला 'नाक' कुठे राहिला, कुठे वारला, त्याची माती कुठे झाली, हे त्या गावाला सांगता येईल काय? साहेबाचा देव झाला आणि शिपायाचे नावही उरले नाही!

मग करायचे काय? सरकारला हे जमत नाही असे नाही. लंडनमधले बाबासाहेबांचे निवासस्थान, 10 किंग हेन्रीज रोड, महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. एप्रिल 2025 मध्ये रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात 47 लाख 15 हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत वाजतगाजत आणली. त्याच मे महिन्यात हाँगकाँगला पिप्रहवा स्तूपातल्या, तथागतांच्या अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांचा लिलाव होणार होता. केंद्र सरकारच्या नोटिशीनंतर तो थांबला आणि जुलैमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या मदतीने ती रत्ने मायदेशी आली. 1898 साली इंग्रज जमीनदार पेपे याने उकरलेली ती रत्ने 127 वर्षांनी परतली. सरदाराच्या तलवारीसाठी तिजोरी उघडते, ते चांगलेच आहे. मग शिपायाच्या मेडलसाठी का उघडू नये? 'नाक' असे कडेवर कोरलेले कोरेगावचे एक तरी मेडल महाराष्ट्राच्या संग्रहालयात जनतेच्या मालकीचे म्हणून असले पाहिजे. ही मागणी आमदारांपुढे, सांस्कृतिक कार्य विभागापुढे लेखी गेली पाहिजे.

पण भावनेच्या भरात पैसे गोळा करून बोली लावायला धावू नये. या बाजारात लबाडी पुष्कळ. कडेवरचे मूळ नाव घासून दुसरे कोरलेले, एका मेडलची पट्टी दुसऱ्याला जोडलेली, असा माल सर्रास खपवला जातो. मेडल कोणाला दिले याच्या याद्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि इंडिया ऑफिसच्या दप्तरात असून ते दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपली मुले आज परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी दोघा-चौघांनी ठरवले तर कोरेगावसाठी मेडल मिळालेल्या देशी शिपायांची नावे उतरवून आणता येतील. त्या यादीला लिलावाचा हातोडा लागत नाही. मेडल एकाचे होईल, यादी सगळ्यांची होईल.

दुसरे काम आपल्या घरातले. शिरूर असो की भीमेच्याच खाली वसलेले दौंड, या पट्ट्यात लष्करात, पोलिसात आणि रेल्वेत राबलेल्यांची घरे जागोजागी आहेत. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, गणवेशाची किंमत तिथल्या पोरासोरांनाही कळते. पत्र्याच्या पेटीत आजोबा-पणजोबांचा एखादा बिल्ला असेल तर तो आधी कडेने वाचा. '111 महार्स' अशी अक्षरे दिसतील, कदाचित नुसताच नंबर आणि नाव असेल. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल लढवय्यांना चांदीचे आणि बिनलढाऊ मजूर तुकड्यांना कांस्याचे दिले गेले. म्हणून तांबूस दिसणारा बिल्ला खोटा समजून मोडीत टाकू नका. तो ओझी वाहणाऱ्या, खंदक खणणाऱ्या आपल्याच माणसाचा असू शकतो. चिंच-राख लावून घासू नका, कडेवरची अक्षरे झिजतात. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा, वहीत नाव, नंबर, पलटण, गाव लिहा. 1972 च्या पुरावशेष कायद्याने 100 वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे विकत मागायला येणाऱ्याला ठणकावून सांगा. बंदूक सापडली तर मात्र घरात दडवू नका. शस्त्र कायद्यात जुनाट, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या बंदुकीलाच सूट आहे, आणि ती तशी आहे की नाही हे आपण ठरवायचे नसते.

प्रत्येक बुद्धविहारात अशी एक नोंदवही ठेवायला खर्च किती? एक वही आणि एक पेन. बिल्ला कोनाड्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहण्याची आपली रीत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला पूजा शिकवली नाही, वाचन शिकवले. तेव्हा तो वाचावा, नोंदवावा आणि पुढच्या पिढीच्या हाती अर्थासह द्यावा.

येत्या 1 जानेवारीला स्तंभासमोर उभे राहाल तेव्हा दगडावरच्या नावांना मानवंदना द्याच. पण सोबत आपल्या घराची, आपल्या वस्तीची ती वहीसुद्धा घेऊन या. रणात पडलेल्यांची यादी इंग्रजांनी केली. जगलेल्यांची यादी आपणच केली पाहिजे. जयभीम!