हा भाव आला कुठून?

रविवारी सकाळी ह्यूस्टनमध्ये नऊ वाजले, की चिपळूणला संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. आई-बाबांशी आमचा व्हिडिओ कॉल तेव्हाच ठरलेला. एरवी बाबा आधी हवापाणी विचारतात, मग नातीला समोर आणायला सांगतात. त्या दिवशी मात्र थेट म्हणाले, "अरे, तू तिकडे कंपन्यांच्या किमती काढतोस ना? मग आपल्या गावच्या घराची काढून दे."

गुहागरजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे, भोवती थोडी जमीन. तिथे काका राहतात. घर काकांनीच ठेवायचं आणि बाबांना त्यांचा वाटा पैशात द्यायचा, एवढं दोघांत ठरलं होतं. अडलं ते आकड्यावर. बाबा म्हणत होते साठ लाख, काका म्हणत होते तीस. दोन महिने दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलले नव्हते.

आता मी काही कंपन्यांच्या किमती काढत नाही. मी कॉम्प्युटर इंजिनीअर. इथल्या एका ऊर्जा कंपनीसाठी जे सॉफ्टवेअर लिहितो, ते तिच्या गॅस, तेल आणि विजेच्या करारांची किंमत रोज संध्याकाळी काढतं. त्याला म्हणतात फेअर व्हॅल्यू, म्हणजे रास्त मूल्य. बाबा वीज मंडळाच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना समजावणं तसं सोपं.

रास्त मूल्य म्हणजे आपण दिलेली किंमत नाही आणि आपल्याला वाटणारीही नाही. आजच्या तारखेला, गळ्याशी आलेलं नसताना, बाजारातल्या माहीतगार माणसाला ही गोष्ट विकली तर काय मिळेल, तो आकडा. आणि ती गोष्ट म्हणजे देणं असेल, तर ते दुसऱ्याने अंगावर घ्यावं म्हणून त्याला किती द्यावे लागतील, तो आकडा.

"पण असा गिऱ्हाईक समोर नसेल तर?" बाबांनी विचारलं. खरी मेख तिथेच आहे.

म्हणून नियमाने या किमतींच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली लेव्हल म्हणजे जसं सोन्याचा भाव, रोज उघड बाजारात ठरणारा. आमच्याकडे न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजवरचा गॅसचा वायदा यात येतो. तो लुइझियानातल्या हेन्री हब या ठिकाणाच्या गॅसचा असतो. दुसरी लेव्हल म्हणजे शेजारचा फ्लॅट परवा किती ला गेला, त्यावरून आपल्याचा अंदाज. गॅस दुसऱ्या गावी पोचवायचा असेल, तर हेन्री हबचा भाव घ्यायचा आणि दोन ठिकाणांमधला ब्रोकर सांगतात तो फरक त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा. तिसऱ्या लेव्हलला बाजारच नसतो. एखाद्या आडबाजूच्या जागेची पंधरा वर्षांनंतरची वीज आज कोण विकत घेतंय? तिथे गृहीतकं धरायची आणि मॉडेल चालवायचं. शिवाय समोरचा, किंवा आपण स्वतः, पैसे बुडवण्याची शक्यता किती, तेही किमतीत धरायचं. हिशेबातला एक महत्त्वाचा आकडा जरी तिसऱ्या लेव्हलचा असेल, तरी अख्खा करार तिसऱ्यातच जातो.

वार्षिक अहवालात कंपनीला हे तीन कप्पे वेगळे दाखवावे लागतात. तिसऱ्या कप्प्यात वर्षाच्या सुरुवातीला किती होतं, शेवटी किती उरलं, मधे काय घडलं आणि कोणती गृहीतकं धरली, तेही लिहावं लागतं. अमेरिकेत हा नियम २००६ साली आला. भारतातल्या 'इंड एएस ११३'मध्येही याच तीन लेव्हल आहेत.

"एवढा खटाटोप कशाला?" बाबा म्हणाले.

"बाबा, हे तुम्ही विचारताय?" मी म्हटलं. "एन्रॉन विसरलात?"

ते हसले. विसरणं शक्यच नव्हतं. १९९३ च्या डिसेंबरात दाभोळ पॉवर कंपनीचा वीज मंडळाशी करार झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. करार डॉलरशी बांधलेला, वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचेच. मी तेव्हा सातवीत होतो. घरी जेवताना एन्रॉनशिवाय दुसरा विषय नसायचा. आज ऑफिसला जाताना १४००, स्मिथ स्ट्रीट ही एन्रॉनची जुनी इमारत दिसते, तेव्हा मला आमचं चिपळूणचं जेवणघर आठवतं.

ह्यूस्टनमध्ये एन्रॉनने काय केलं, ते मात्र मला इथे आल्यावर कळलं. १९९२ साली त्यांना गॅसच्या करारांची किंमत बाजारभावाने मांडायची परवानगी मिळाली. वायद्याला भाव होता तोवर ठीक होतं. पण पुढे जिथे भावच नव्हता, तिथेही त्यांनी तेच केलं. जुलै २००० मध्ये ब्लॉकबस्टर या व्हिडिओ कंपनीशी घरोघरी सिनेमे पोचवण्याचा वीस वर्षांचा करार केला आणि त्यातून सुमारे ११ कोटी डॉलरचा नफा हिशेबात धरला. सेवा जेमतेम चाचणीपुरती चालली. मार्च २००१ मध्ये करार मोडला. त्याच वर्षी २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जं वेगळ्या भागीदाऱ्यांमध्ये दडवून ताळेबंदाबाहेर ठेवली होती, ते प्रकरण आणखी निराळं.

हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा. कारण बाबा म्हणाले, "तुझं सॉफ्टवेअर कधी चुकत नाही वाटतं?"

चुकलंय ना. आणि ती चूक माझी होती.

२० एप्रिल २०२०. कोरोनामुळे सगळे घरून काम करत होतो. गाड्या उभ्या, विमानं उभी, तेलाला उठाव नाही. अमेरिकन तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. ज्याच्याकडे तो वायदा राहील, त्याला ओक्लाहोमातल्या कुशिंगला खरोखरचं तेल ताब्यात घ्यावं लागणार, आणि तिथल्या टाक्यांमध्ये मोकळी जागा मिळेना. त्या दिवशी भाव बंद झाला उणे ३७.६३ डॉलरवर. तेल घेऊन जा आणि वर पिंपामागे ३७ डॉलरही न्या, असा प्रकार!

काही वर्षांपूर्वी मी आमच्या सिस्टीममध्ये एक ओळ लिहिली होती. भाव शून्य किंवा त्याखाली आला, तर तो चुकीचा समजायचा आणि आदल्या दिवसाचा घ्यायचा. तेल फुकट कसं असेल, हा साधा विचार. सिस्टीमने माझं ऐकलं. तिने उणे ३७.६३ टाकून दिला आणि शुक्रवारचा १८.२७ उचलला, गुपचूप. एक्स्चेंजने काही दिवस आधीच भाव शून्याखाली जाऊ शकतो अशी सूचना काढली होती. बदलायच्या गोष्टींच्या यादीत ती माझ्याकडे पडून होती.

आमच्या रिस्क विभागातल्या एका अनुभवी बाईंनी एक्स्चेंजचा हिशेब आणि आमचा हिशेब शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक सापडला. व्यवहार लहान होता, म्हणून निभावलं. ऑप्शन्सचं मॉडेलही अडकलं, कारण त्यात भावाचा लॉगरिदम घ्यावा लागतो आणि उणे संख्येचा तो निघत नाही. एक्स्चेंजलाही दोन दिवसांत मॉडेल बदलून लुई बॅशेलिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १९०० सालच्या पद्धतीकडे वळावं लागलं. मुंबईत एमसीएक्सवरचा कच्च्या तेलाचा वायदाही अखेर उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. लॉकडाउनमुळे तिथला बाजार पाचलाच बंद झाला होता आणि भाव शून्याखाली गेला तो त्यानंतर.

त्या बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की हा भाव पहिल्या लेव्हलचा होता, सगळ्यात पक्का, आणि तुला तो पटला नाही म्हणून तू टाकून दिलास. ते माझ्या डोक्यात बसलं. एन्रॉनने हवा तो आकडा धरला, मी नको तो सोडला. दोघांनीही भाव कुठून आला ते पाहिलं नाही, आपल्याला पटतो का तेवढंच पाहिलं.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग मी विचारलं, "साठ लाख कुठून आले?"

"बाजारात कोणीतरी म्हणालं. रिसॉर्टवाल्याने जमीन घेतली म्हणे."

"आणि काकांचे तीस?"

"रेडी रेकनर." म्हणजे सरकारी दर, मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला.

मग आम्ही कागद घेतला. पहिल्या लेव्हलचं काहीच नव्हतं. दुसऱ्या लेव्हलला, गेल्या वर्षी शेजारचा तुकडा विकला गेला, त्याच्या नोंदणीकृत दस्तावरचा भाव. पण तो रस्त्याला लागून, आपली जमीन आत, म्हणून त्यात कपात. तिसऱ्या लेव्हलला घर. जुना चिरा, काकांनी स्वतःच्या पैशाने बदललेलं छप्पर. "आजोबांनी बांधलंय, त्याचं काय?" असं बाबांनी विचारलं. गिऱ्हाईक त्याचे पैसे देणार नाही, हे सांगताना मलाच कसंतरी झालं.

शेवटी मी विचारलं, "आता देणी?"

"देणी कसली? एक रुपयाचं कर्ज नाही."

"आत्याचा वाटा?"

पलीकडे शांतता. आई मागून डोकावली. बाबा म्हणाले, "तिने कधी मागितला नाही. हक्कसोडपत्रावर सही करेल ती."

२००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे बाबांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "बाबा, कोणी मागितलं नाही म्हणून देणं वहीतून जात नाही. तुम्हीच शिकवलंय." त्यांनी "बघू" म्हणून फोन ठेवला. वाटलं, दुखावले. तो आठवडा मला जड गेला.

पुढच्या रविवारी स्क्रीनवर तीन चौकोन होते. चिपळूणहून बाबा, गावाहून काका आणि डोंबिवलीहून आत्या. बाबांनी कागद वाचून दाखवला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, सही करायची की नाही ते मी नंतर ठरवीन. पण मी किती सोडतेय, ते तरी मला आधी कळू दे."

आकडा अजून ठरलेला नाही. शेजारच्या दस्ताची नक्कल काढायला बाबा आणि काका गेल्या मंगळवारी नोंदणी कार्यालयात एकत्र गेले होते. येताना दोघांनी आत्यासाठी कोकम घेतलं, असं आई सांगत होती.