गोळ्या मध्येच का सुटतात?

ताप उतरला की औषध थांबवावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत. मनाच्या औदासीन्यावरील औषधास मात्र ती लागू पडत नाही. आणि तेथेच पुष्कळ रुग्णांची फसगत होते.

पहिली अडचण काळाची. या गोळ्यांचा गुण दिसण्यास २ ते ४ आठवडे, कित्येकदा अधिकही लागतात. मळमळ, तोंडाची कोरड, झोपेतील बिघाड हे त्रास मात्र आरंभीच जाणवतात. रुग्णास वाटते, औषधाने अपायच केला. वास्तविक हे त्रास बहुधा हळूहळू ओसरतात. न ओसरल्यास डॉक्टर औषध बदलून देतात.

दुसरी अडचण बरे वाटण्याची. चेहऱ्यावर हसू परतले की गोळ्यांची डबी फडताळात जाते. परंतु बरे वाटू लागल्यावरही निदान ६ महिने औषध चालू ठेवावे लागते; नाही तर दुखणे उलटण्याचा धोका असतो. दारूसारखे व्यसन जडेल, ही भीती निराधार होय. मात्र एकाएकी सोडल्यास चक्कर येते, जीव अस्वस्थ होतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावी.

तिसरी अडचण आपणच. "रोझरी म्हण, गोळ्या कशाला?" असे आपण सहज बोलून जातो, आणि आजारी जीव स्वतःच्या श्रद्धेलाच दोष देऊ लागतो. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान राखावयास शिकवितो. तेव्हा सायंप्रार्थना आटोपल्यावर सुनेला प्रेमाने विचारावे, "बाळ, आजची गोळी घेतलीस ना?" आणि कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.