पिकाला वाटेकरी, खताला कोणी नाही!

पुण्यातील वस्त्यांत फिरताना आम्ही नेहमी ऐकतो, "गावाकडे वतनाचा तुकडा आहे, पण एवढ्याशा रानात काय पिकणार?" मग तो वाट्याने दिला जातो. धान्याचा वाटा ठरतो, शेणखताचा ठरत नाही. जमीन मात्र दरवर्षी खंगते.

डॉ. हॅरॉल्ड मान यांच्या पाहणीनुसार पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरात १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. बाबासाहेबांनी १९१८ च्या आपल्या निबंधात मान यांचा परामर्श घेतला. शेत लहान की मोठे यापेक्षा त्याला भांडवल, अवजारे व श्रम यांची जोड किती, हे त्यांनी महत्त्वाचे मानले.

म्हणून बांधवांनो, वाटा ठरवतानाच खताचा खर्चही निम्मा-निम्मा ठरवा. पेरणी उताराला आडवी करा. पाणी मुरते, माती वाहत नाही. नुसती बाजरी नको. दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर घ्या. तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. उन्हाळ्यात माती तपासून घ्या.

वाडवडिलांनी राबून टिकवलेली जमीन आपण उपाशी ठेवू नये. जयभीम!